कोकणात नव्याने रुजू झालेल्या डॉक्टर-सिस्टरसाठी: फोनवर, वॉर्डात आणि खाटेपाशी कसं बोलायचं

पत्र्यावर पाऊस कोसळत असताना फोनवरून आलेलं ‘ऑक्सिजन पंच्याऐंशी’ आणि ‘ऑक्सिजन पंच्याण्णव’ वेगळं ओळखून दाखवा. कागदावर ८५ आणि ९५ लांबूनही वेगळे दिसतात, कानाला मात्र मधलं एक अक्षर हुकलं की संपलं. पहिल्या आकड्याला ऑक्सिजन लावून गाडी बोलवायची असते, दुसऱ्याला बहुधा थांबून बघायचं असतं. बावन्न आणि ब्याण्णव, एकोणसाठ आणि एकोणसत्तर, त्रेपन्न आणि त्रेसष्ट हे सगळे त्याच जातीचे. इंग्रजीतून बोललं तरी सुटका नाही, तिथे फिफ्टीन आणि फिफ्टी बसलेत.

हा लेख बॉण्डवर (शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेवर) आलेले एमबीबीएस, इंटर्न, उपकेंद्रावरचे समुदाय आरोग्य अधिकारी आणि नव्या स्टाफ नर्स यांच्यासाठी आहे. कोकणात पेशंट एका जागी बरा होऊन घरी गेला असं प्रत्येक वेळी होत नाही. आशाताईंनी उपकेंद्रात आणला, तिथून पीएचसी म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, पीएचसीतून १०८ च्या गाडीने ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय, आणि गंभीर असला तर पुढे सिंधुदुर्गातून गोव्यात बांबोळीला गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज), रत्नागिरीकडून घाट चढून कोल्हापूर, रायगडातून मुंबई. एकाच पेशंटची हकीकत एका रात्रीत पाच तोंडांतून जाते. औषध आणि सलाईन त्याच्यासोबत जातं, माहिती मात्र प्रत्येक सांध्यावर थोडी थोडी सांडते. म्हणून बोलणंसुद्धा टाके घालण्यासारखं शिकायचं: ठरलेला क्रम, ठरलेली वाक्यं, शेवटी गाठ.

पहिली पायरी: आकडा सुटा, एकक सोबत

फोनवर दोन अंकी आकडा आधी नेहमीसारखा म्हणा, मग अंक सुटे करून म्हणा. ‘ऑक्सिजन पंच्याऐंशी, आठ-पाच.’ ‘नाडी एकशे बावन्न, एक-पाच-दोन.’ चारचौघांत पहिले दोन दिवस ऐकणाऱ्याला हसू येतं, तिसऱ्या दिवशी तोही तसंच बोलायला लागतो.

एकक गिळायचं नाही. याचं सर्वांत घातक उदाहरण सर्पदंशाचं. सर्पविष प्रतिबंधक लशीची म्हणजे एएसव्हीची कोरडी व्हायल १० मिली पाण्यात विरघळवतात. वरिष्ठांनी फोनवर ‘दहा द्या’ म्हटलं, त्यांच्या मनात होत्या १० व्हायल, सिस्टरने दिले १० मिली. म्हणजे एकच व्हायल. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि पेशंटच्या लघवीत रक्त. ‘दहा व्हायल, एक-शून्य व्हायल’ असं बोललं असतं तर विषय मिटला असता.

दशांशाचं तसंच. एएसव्ही चालू करण्याआधी रिॲक्शनच्या तयारीने ॲड्रेनलिन भरून ठेवतात: प्रौढाला १:१००० चं ०.५ मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. ‘पॉइंट पाच’मधला ‘पॉइंट’ फोनच्या खरखरीत गेला तर उरतात पाच. मराठीत यावर घरचाच उपाय आहे: ‘अर्धा एमएल’. ‘अर्धा’ हा शब्द दुसऱ्या कशासारखा ऐकू येत नाही. पण ‘सव्वा’, ‘दीड’, ‘अडीच’ औषधाच्या मात्रेला वापरू नका. परप्रांतातून आलेल्या डॉक्टरला ते कळत नाहीत आणि तो विचारायला लाजतो.

तपासणीचा निकाल सांगताना ‘पॉझिटिव्ह-निगेटिव्ह’ शक्यतो टाळा. सर्पदंशात २० मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी करतात: कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत २ मिली ताजं रक्त, २० मिनिटं हात न लावता ठेवायचं, मग एकदाच तिरकी करून बघायची. ‘टेस्ट पॉझिटिव्ह’ म्हणजे काहीजणांच्या लेखी रक्त गोठलं, काहीजणांच्या लेखी गोठलं नाही. अर्थ थेट उलटे. त्यापेक्षा ‘२० मिनिटांनी रक्त गोठलेलं नाही’ असं अख्खं वाक्य बोला.

दुसरी पायरी: ऐकलेलं परत म्हणून दाखवा

तोंडी ऑर्डर फक्त तातडीच्या वेळी घ्यायची किंवा द्यायची. घ्यावीच लागली तर क्रम असा. आधी लिहा. मग लिहिलेलं मोठ्याने वाचा, आठवणीतून म्हणू नका. आठवणीतून म्हटलेलं आपल्याला जे ऐकू आलंसं वाटतं तेच असतं, कागद वाचला की कागदावरची चूकही उघडी पडते. समोरच्याकडून ‘बरोबर’ हा शब्द येईपर्यंत इंजेक्शन टोचायचं नाही. ‘हं’ आणि ‘ओके’ धरायचं नाही, माणूस दुसऱ्याच कोणाशी बोलत असतानाही हं म्हणतो. दिल्यावर पुन्हा सांगायचं: ‘ॲड्रेनलिन अर्धा एमएल, उजव्या मांडीत, ४ वाजून ५ मिनिटांनी दिलं.’ आणि ऑर्डर देणाऱ्याने त्याच पाळीत केसपेपरवर लिहून सही करायची. हे शेवटचं बहुतेक ठिकाणी राहून जातं.

नाव घेऊन बोला. ‘कोणीतरी शुगर बघा रे’ म्हटलं की चारजण एकमेकांकडे बघतात. ‘सिस्टर, तुम्ही शुगर बघा आणि मला आकडा सांगा’ म्हटलं की काम होतं. वॉर्डबॉय मामांना गाडी बोलवायला पाठवलंत तर ‘बोलावली का’ हे विचारायची वेळ तुमच्यावर येऊ नये. जाताना त्यांना सांगून ठेवा, ‘फोन लागला की परत येऊन मला सांगा, नाही लागला तरी येऊन सांगा’.

तिसरी पायरी: पुढे पाठवण्याचा फोन

इथे जास्त वेळ घालवू, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं.

रात्री रुग्णालयांत एकमेकांना जाणारा नेहमीचा फोन असा असतो: ‘सर, एक एएनसी पेशंट पाठवतोय, बीपी वाढलंय, फिट आलीय, जरा बघून घ्या.’ (एएनसी म्हणजे गरोदर बाई.) समोरचा ‘पाठवा’ म्हणतो. दोघांनाही वाटतं, बोलणं झालं. किती आठवडे, बीपी किती, फिट कधी, औषध काय दिलं, गाडी कधी निघाली, यातलं एकही पोचलेलं नसतं.

यासाठी एसबार नावाची चार खणांची पद्धत आहे. ती अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरून आली आणि कैसर पर्मनन्टे या आरोग्यसंस्थेने ती दवाखान्यात रुळवली. चार खण म्हणजे: आत्ता काय चाललंय, मागचा संदर्भ काय, मला काय वाटतं, तुमच्याकडून मला काय हवं. तोच फोन या चार खणांत असा होतो:

‘मी अमुक पीएचसीतून मेडिकल ऑफिसर बोलतोय. तुम्ही लेबर रूमचेच डॉक्टर ना? एक्लॅम्प्सियाची पेशंट पाठवतोय. ४ वाजून १० मिनिटांनी एक फिट आली, साधारण एक मिनिट. आत्ता बीपी १७०/११०, एक-सात-शून्य वर, एक-एक-शून्य खाली. हाकेला ओ देते.

वय २२, पहिलटकरीण, ३४ आठवडे. मागच्या तपासणीत बीपी वाढलेलं होतं, गोळी चालू नव्हती.

मॅग्नेशियम सल्फेट दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम, एकूण १० ग्रॅम, ४.२५ ला दिलंय. शिरेतून मॅग्नेशियम अजिबात दिलेलं नाही. गुडघ्याचा झटका आहे, श्वास मिनिटाला २०, कॅथेटर घातलाय, १०० मिली लघवी जमली. बाळाचे ठोके १४०.

१०८ ची गाडी ४.४० ला निघतेय, तुमच्यापर्यंत दीड तास, म्हणजे ६.१० ला. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि ऑपरेशन थिएटर तयार हवं. मॅग्नेशियमचं एकदा परत म्हणता का?’

साधारण एका मिनिटाचं बोलणं. (एक्लॅम्प्सिया म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून येणारी फिट, मॅग्नेशियम सल्फेट हे त्यावरचं औषध.) यात सर्वांत मोलाचं वाक्य आहे ‘शिरेतून अजिबात दिलेलं नाही’. जे दिलं ते सगळेच सांगतात. जे दिलं नाही ते सांगितलं नाही तर पुढचा डॉक्टर अंदाज करतो. त्याला वाटलं काहीच दिलेलं नाही, तर तो सुरुवातीचा डोस पुन्हा देईल, आणि मॅग्नेशियम जास्त झालं की आधी गुडघ्याचा झटका (गुडघ्याखाली ठोकल्यावर पाय उडणं) जातो, मग श्वास मंदावतो. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट, १० टक्क्यांचं १० मिली, शिरेतून हळू, हाताशी लागतं. एका वाक्याच्या आळसापायी तिथवर जायचं का?

दुसरं, ग्रॅम आणि ॲम्प्युलचा घोळ. मॅग्नेशियमची ५० टक्क्यांची २ मिलीची ॲम्प्युल म्हणजे १ ग्रॅम. म्हणून इथे १० ग्रॅम आणि १० ॲम्प्युल हा आकडा योगायोगाने एकच येतो, आणि त्यामुळेच लोकांना एकक गाळायची सवय लागते. ती सवय मग एएसव्हीच्या वेळी अंगाशी येते.

फोन कधी करायचा? गाडी हलण्याआधी. घाटात रेंज जाते, आणि पुढच्या रुग्णालयातून उलट प्रश्न आला तर उत्तर द्यायला गाडीत कोणी सापडत नाही. घाट लागण्याच्या आधी गाडीतल्या डॉक्टरने दुसरा छोटा फोन करावा: बीपी, श्वास, शुद्ध, अजून किती वेळ. तेवढंच.

आणि कोणाशी बोललात त्याचं नाव आणि वेळ रेफरल चिठ्ठीवर लिहा. नाही तर पोचल्यावर ‘आम्हाला कोणी कळवलंच नाही’ हे वाक्य ऐकू येतं, आणि ते बरेचदा खरं असतं, कारण फोन ज्याने घेतला त्याची पाळी संपलेली असते. व्हॉट्सॲपवर ईसीजीचा फोटो जरूर टाका, पण निळ्या खुणा म्हणजे कोणीतरी स्क्रीनला बोट लावलं एवढाच पुरावा. फोटो पाठवला की फोन करा.

चौथी पायरी: ओव्हर

पाळी बदलताना होणाऱ्या या देवाणघेवाणीला सगळे ‘ओव्हर’ म्हणतात. ओव्हर खाटेपाशी उभं राहून द्या, टेबलावर रजिस्टर वाचून नाही. सर्वांत गंभीर पेशंट आधी, मग बाकीचे. खाट नंबर एकपासून सुरुवात केली की आठव्या खाटेवरच्या गंभीर पेशंटपर्यंत पोचेस्तोवर घरी जाणाऱ्याचं लक्ष एसटीच्या वेळेकडे लागलेलं असतं.

प्रत्येक पेशंटमागे पाच गोष्टी: किती गंभीर, थोडक्यात हकीकत, काय करायचं राहिलंय, काय बिघडू शकतं आणि बिघडलं तर काय करायचं, आणि शेवटी घेणाऱ्याने सगळं आपल्या शब्दांत परत सांगायचं. या साच्याला आय-पास म्हणतात. उत्तर अमेरिकेतल्या नऊ रुग्णालयांच्या बालरोग विभागांत तो लागू केल्यावर चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोगी इजा ३० टक्क्यांनी घटली, हे २०१४ साली प्रसिद्ध झालं. ओव्हरला लागणारा वेळ मात्र वाढला नाही. ‘आमच्याकडे एवढा वेळ कुठाय’ म्हणणाऱ्यांनी हे शेवटचं वाक्य दोनदा वाचावं.

तीन वाक्यं ओव्हरमधून हद्दपार करा. ‘सलाईन चालू आहे’: कोणतं, कितवी बाटली, कधी लावली, किती उरली? ‘डॉक्टरांना सांगितलंय’: कोणत्या, किती वाजता, ते काय म्हणाले? आणि सगळ्यांचं लाडकं ‘बाकी ठीक आहे’.

पाचवी पायरी: वरच्याला अडवणं

नवा डॉक्टर चुकतोय हे वीस वर्षं लेबर रूममध्ये काढलेल्या सिस्टरला आधी दिसतं. पण ती म्हणते, ‘सर, एकदा बघता का?’ ही विनंती आहे, इशारा आहे हे नव्याला कळत नाही. म्हणून तीन वाक्यांची शिडी सगळ्या स्टाफने मिळून ठरवून घ्यावी. ‘सर, मला काळजी वाटतेय.’ ऐकलं नाही तर ‘सर, मला हे बरोबर वाटत नाही, श्वास मिनिटाला १० झालाय.’ तरीही नाही तर ‘थांबा, हे सुरक्षित नाही.’ तिसरं वाक्य कोणीही उच्चारलं, मावशींनी का असेना, की सगळ्यांनी हात थांबवायचे. नंतर ती काळजी फुकट होती असं निघालं तरी बोलणाऱ्याला टोमणा मारायचा नाही. एकदा टोमणा बसला की पुढचे सहा महिने कोणी तोंड उघडत नाही.

‘पेशंट मला बरा दिसत नाही’ हे वाक्य आकड्याशिवाय आलं तरी उठून जा.

सहावी पायरी: समोरचा काय म्हणतोय ते आधी समजून घ्या

विदर्भ-मराठवाड्यातून किंवा पुण्याहून आलेल्यांची इथे पहिली फसगत शब्दांवर होते. रात्री कोणी धावत येऊन ‘बापाशीक पान लागला’ म्हणालं तर विड्याचं पान डोळ्यांसमोर आणू नका. पान लागणं म्हणजे साप चावणं. रात्री सापाचं नाव घेत नाहीत, म्हणून ‘जनावर’, ‘किरडू’ असंही कानी येईल. ‘कोणता साप होता?’ या प्रश्नावर वेळ घालवू नका, मारलेला साप आणायला परत पाठवू तर अजिबात नका. चावून किती वेळ झाला, कुठे चावला, दोरी बांधली का, गावठी काही लावलं-प्यायलं का, पापण्या जड होतायत का, लघवी कोणत्या रंगाची झाली, हे विचारा.

सिंधुदुर्गात मालवणी चालते. ‘माका’ म्हणजे मला, ‘खंय’ म्हणजे कुठे, ‘कित्याक’ म्हणजे कशाला, ‘इल्लोसो’ म्हणजे थोडासा. मात्र ‘इल्लोसो ताप आसा’ म्हटलं की तापमापी लावा. शेतात राबणाऱ्या माणसाचा इल्लोसो १०३ निघू शकतो. ‘पित्त झालंय’, ‘गॅस भरलाय’ म्हणत सोलकढी पिऊन आलेला घामाघूम पन्नाशीचा माणूस ईसीजी काढल्याशिवाय घरी पाठवायचा नाही. बायका ‘अंगावरून जातंय’ म्हणतील. पांढरं की लाल, किती दिवस, पाळी चुकली होती का, हे पडदा ओढून, सोबतच्या पुरुषाला बाहेर बसवून विचारा. मालवणी बोलायचा हट्ट नको, चुकीच्या हेलात बोललेली मालवणी ऐकून पेशंट हसतो आणि मूळ तक्रार बाजूला राहते. समजून घेता आली की पुरे. हाक मात्र नीट मारा: आजी, काकी, काका, दादा. ‘ए पेशंट’ नको, आणि वयस्काला पहिल्या भेटीत अरे-तुरे तर नकोच.

प्रश्न इथल्या कामधंद्याला धरून विचारले की उत्तर खरं मिळतं. पावसाळ्यात ताप आणि पोटऱ्या दुखतायत म्हटल्यावर ‘दूषित पाण्याशी संपर्क आला होता का’ हा पुस्तकी प्रश्न कोणालाच कळत नाही. ‘लावणीला चिखलात उतरला होता का, पायाला कुठे कापलं-खरचटलंय का’ असं विचारा, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) धागा लगेच हाती येतो. दोडामार्गाकडे हिवाळ्या-उन्हाळ्यात ताप घेऊन आला तर ‘काजूच्या बागेत, रानात गेला होता का, माकड मेलेलं दिसलं का, गोचीड चावली का’ हे विचारायचंच. तिथे २०१६ पासून माकडताप आहे.

काही गोष्टी पेशंट विचारल्याशिवाय सांगत नाही. विंचूदंशात घाम आणि गार पडलेले हातपाय दिसतात. पण पुरुषांत आणि मुलग्यांत लिंगाचा ताठरपणा हेही विष चढत असल्याचं लक्षण आहे, आणि लाजेपायी ते कोणी बोलत नाही. मुलगा असेल तर बाजूला घेऊन साध्या शब्दांत विचारा, ‘लघवीच्या जागी कडकपणा आलाय का? विंचवाने असं होतं, लाजू नकोस.’ महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा वापर रूढ केला. ती गोळी वेळेवर पडायची तर ही चिन्हं वेळेवर बोलली गेली पाहिजेत, आणि पुढे पाठवताना फोनवरही सांगितली गेली पाहिजेत.

रत्नागिरी-देवगडच्या आंबाबागांत आणि मासेमारीच्या होड्यांवर नेपाळी कामगार खूप आहेत. हिंदी त्यांना अर्धवट कळते आणि मान मात्र प्रत्येक वाक्याला हलते. सोबतचा कामगार दुभाषा म्हणून घ्या, पण नजर पेशंटवर ठेवा, वाक्यं लहान ठेवा, आकडे बोटांवर दाखवा. लहान मुलाला दुभाषा करू नका. मुकादम किंवा तांडेल (होडीचा प्रमुख) बाजूला उभा असेल तर दारूचं आणि मारहाणीचं खरं उत्तर येणार नाही, त्याला चहाला पाठवा.

‘बाहेरचं आहे’ म्हणत कोणी देवळात गाऱ्हाणं घालून आलं असेल, काविळीचं गावठी औषध घेऊन आलं असेल, तर भुवया उंचावू नका. ‘त्यात काय काय दिलं, किती दिवस घेतलं?’ एवढंच. एकदा ओरडलात की पुढचा पेशंट ते लपवेल.

सातवी पायरी: ‘समजलं का?’ विचारणं सोडा

‘समजलं?’ला उत्तर ‘व्हय’ हेच असतं. डॉक्टरला नाही म्हणायचं नसतं ही इथली रीत. त्याऐवजी जबाबदारी स्वतःकडे घ्या: ‘काकी, मी नीट सांगितलं की नाही ते बघायचंय. घरी गेल्यावर ही गोळी कशी घेणार, मला सांगा.’ चुकल्या तर तुम्ही वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगा, पुन्हा विचारा. एका वेळी तीनच गोष्टी, त्यातली सर्वांत महत्त्वाची आधी.

नेमकं कुठे चुकतं ते माहीत असलं की तेवढंच पक्कं करून घेता येतं. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. घरी ती चिमूट-चिमूट पेल्यात टाकली जाते. म्हणून ‘एक लिटर’ म्हणू नका, पाण्याची एक लिटरची बाटली हातात धरून ‘ही भरून, आख्खी पुडी एकदम’ म्हणा. मुलांच्या पॅरासिटामॉलच्या थेंबांत १ मिलीला १०० मिलिग्रॅम असतं, सिरपमध्ये ५ मिलीला १२५ किंवा २५०. ‘अर्धा चमचा’ हे शब्द दोन्ही बाटल्यांना सारखेच चिकटतात, आणि थेंबांचा अर्धा चमचा म्हणजे २५० मिलिग्रॅम होतो. बाटली उघडून, ड्रॉपर भरून, रेघेवर बोट ठेवून दाखवा. इन्सुलिनच्या ४० युनिटच्या व्हायलला लाल टोपीची सिरिंज, १०० युनिटच्याला केशरी. रंगच सांगा.

‘नाश्त्याआधी’ हा शब्दही पोकळ आहे. बऱ्याच घरांत सकाळी नुसता चहा आणि दहा-अकराला पेज असते. ‘पेज कधी जेवता?’ विचारून गोळी पेजेला बांधा. खलाशाला ‘रोज तीनदा’ सांगण्याआधी होडी किती दिवस समुद्रात असते ते विचारा आणि तेवढ्या दिवसांच्या गोळ्या प्लास्टिकच्या घट्ट डबीत द्या. त्यांचं बीपी-शुगर बसवायला १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी सोन्यासारखी, तेव्हा माणूस घरी असतो.

आठवी पायरी: वाईट बातमी, आणि मुंबईचा फोन

मृत्यू सांगताना शब्द ‘मृत्यू झाला’ किंवा ‘वारले’. ‘एक्सपायर’, ‘ऑफ’ ही आपली भाषा, नातेवाइकांची नाही. ‘पेशंट गेला’ यातून कोल्हापूरला गेला असा अर्थ काढलेला माणूस गाडीमागे धावू शकतो. बसून सांगा, मोबाईल बंद ठेवा, त्यांना आधी काय माहीत आहे ते विचारा, ‘बातमी चांगली नाही’ असं एक वाक्य आधी टाका, मग सांगा आणि गप्प राहा. ही शांतता निदान अर्ध्या मिनिटाची असू द्या. नव्या डॉक्टरला ती झेपत नाही आणि तो औषधांची नावं सांगत सुटतो.

कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, अख्खी वाडी येते. सुरुवातीलाच विचारा, ‘घरातलं कोण आहे? एकाने किंवा दोघांनी माझ्याशी बोला, बाकीच्यांना तेच सांगतील.’ दर अर्ध्या तासाने बाहेर येऊन, नवीन काही नसलं तरी, ‘अजून तसंच आहे, ऑक्सिजन चालू आहे’ एवढं सांगा. आरडाओरड बहुतेकदा उपचारामुळे होत नाही, आतून कोणी बाहेरच न आल्यामुळे होते.

आणि मग फोन हातात दिला जातो: ‘डॉक्टर, मुंबईक असता तो झील, त्याच्याशी बोला.’ झील म्हणजे मुलगा. वैतागू नका. बऱ्याच घरांत पैसा आणि निर्णय चाकरमान्याच्या हातात असतो. आधी पेशंटला शुद्ध असेल तर त्याची परवानगी घ्या. फोन स्पीकरवर ठेवा, म्हणजे गावातल्या आणि मुंबईतल्या माणसाने दोन वेगळ्या गोष्टी ऐकल्या असं होत नाही. निदान, आत्ताचा धोका, पुढे न्यायचं की नाही आणि कधीपर्यंत ठरवायचं, एवढंच बोला. ‘तुम्ही येईपर्यंत थांबतो’ हे वचन देऊ नका, तुमच्या हातात नाही. बोलणं झालं की वेळ आणि समोरच्याचं नातं केसपेपरवर लिहा.

सराव

रोज दहा मिनिटं, सकाळच्या ओव्हरनंतर. दोघांनी एकमेकांकडे पाठ करून बसायचं, कारण फोनवर चेहरा दिसत नाही. एकाने कालच्या एखाद्या पेशंटचा, नाव-गाव बदलून, रेफरलचा फोन करायचा, दुसऱ्याने फक्त लिहायचं. मग कागद समोरासमोर धरायचे. काय गाळलं ते लाल पेनाने. पंधरा दिवसांत बोलणं एका मिनिटावर येतं. मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून ऐकलात तर आपण किती भराभर बोलतो आणि वाक्याचं शेपूट कसं खातो ते कळतं. ऐकून झालं की रेकॉर्डिंग पुसा.

लँडलाइनच्या वर भिंतीवर एक पुठ्ठा लावा, पावसात दमट होऊ नये म्हणून प्लास्टिकमध्ये घालून. त्यावर ठळक अक्षरात: मी कोण, कुठून, पेशंटचं वय आणि आठवडे, आत्ता काय, बीपी, नाडी, श्वास, ऑक्सिजन, शुद्ध, आकडे सुटे, काय दिलं, किती वाजता, कुठल्या मार्गाने, काय दिलं नाही, गाडी किती वाजता निघतेय, काय हवंय, परत म्हणून दाखवा. खाली पुढच्या रुग्णालयाच्या लेबर रूमचा, कॅज्युअल्टीचा आणि रक्तपेढीचा नंबर. नंबर पेन्सिलीने लिहा आणि महिन्याच्या एक तारखेला प्रत्येक नंबर लावून बघा, त्यातला एखादा तरी बदललेला निघतोच.